बायरन बे आणि त्यामागचं रान: निघण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही ब्रिस्बेनला राहतो. मे-जून आला की ओळखीत कोणाचे ना कोणाचे आई-बाबा किंवा सासू-सासरे भारतातून येतात आणि फोन सुरू होतात: "अगं, त्या बायरन बेला जायचंय, कसं करू?" दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. बहुतेक जण सकाळी जातात, दीपस्तंभापाशी फोटो काढतात, आइस्क्रीम खातात आणि संध्याकाळी परततात. किनाऱ्याच्या मागे तासाभरावर असलेलं रान बघायचं राहूनच जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बायरन बे आहे तरी कुठे?

न्यू साउथ वेल्स राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पूर्वेकडचं टोक म्हणजे इथलं केप बायरन. ब्रिस्बेनहून गाडीने साधारण दोन तास लागतात. सिडनीहून मात्र पावणेआठशे किलोमीटर पडतात, त्यामुळे सिडनीकरांनी विमानानेच यावं. ही भूमी बुंदजलुंग या मूळनिवासी राष्ट्रातल्या अरक्वाल लोकांची. ते या जागेला कॅव्हनबा म्हणतात, म्हणजे भेटीची जागा. १७७० मध्ये कॅप्टन कुकने इथल्या भूशिराला जॉन बायरन या दर्यावर्दी अधिकाऱ्याचं नाव दिलं. कवी बायरन हा त्याचा नातू. पुढे गावाची आखणी करणाऱ्यांनी हा बायरन म्हणजे कवीच असं धरलं आणि रस्त्यांना कवी-लेखकांची नावं दिली असं सांगतात. गावात फिरताना टेनिसन आणि वर्ड्सवर्थ अशा पाट्या दिसतात, त्या यामुळे.

किती दिवस काढावेत?

किमान तीन रात्री. एक दिवस समुद्राला, एक रानाला आणि एक पावसासाठी राखीव. हा राखीव दिवस कापू नका. हा भाग समशीतोष्ण आणि उष्ण कटिबंधाच्या सीमेवर आहे, आणि पाऊस इथे मनात येईल तेव्हा पडतो.

कोणत्या महिन्यात जावं?

ऋतू आपल्या उलटे. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, तापमान अठ्ठावीसच्या आसपास, पण दमटपणा मुंबईसारखा. जुलैत दुपारी एकोणीस-वीस अंश आणि पहाटे बारा, म्हणजे पहाट पुण्याच्या हिवाळ्यासारखी. उन्हाळ्याची अखेर आणि इथला शरद ऋतू (मार्च ते मे) पावसाचे. ऑगस्ट-सप्टेंबर सर्वांत कोरडे. देवमासे दिसतात जून ते नोव्हेंबर.

मला विचाराल तर जून-जुलै. हवा छान असते, देवमासे उत्तरेकडे निघालेले असतात आणि आधीच्या पावसामुळे धबधब्यांना पाणी असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आकाश निरभ्र मिळतं, पण पाऊस लांबला असेल तर रानातल्या मिनयन धबधब्याची नुसती धार उरते. नाताळ ते जानेवारीची शाळांची सुट्टी आणि ईस्टर शक्यतो टाळा. गावात शिरायलाच तासभर रांगेत उभं राहावं लागतं.

घड्याळाची काय भानगड आहे?

हे नीट वाचा. क्वीन्सलंड राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, न्यू साउथ वेल्स करतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत बायरन बे ब्रिस्बेनच्या एक तास पुढे असतं. राज्यांची सीमा गोल्ड कोस्ट विमानतळाच्या धावपट्टीवरूनच जाते, त्यामुळे तिथल्या परिसरात फोनचं घड्याळही कधी इकडचा तर कधी तिकडचा वेळ दाखवतं.

एका ऑक्टोबरात सासऱ्यांना देवमासे दाखवायला म्हणून सकाळी आठची बोट मी ठरवली होती. आम्ही पावणेआठला पोहोचलो, आमच्या घड्याळाप्रमाणे. तिथे पावणेनऊ वाजले होते. सासरे काही बोलले नाहीत, रिकाम्या किनाऱ्याकडे बघत उभे राहिले. त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो. बुकिंगवर लिहिलेली वेळ नेहमी बायरनची असते, आणि परतीचं विमान ब्रिस्बेन किंवा गोल्ड कोस्टहून असेल तर ती वेळ क्वीन्सलंडची असते. दोन्ही वेळा कागदावर शेजारी शेजारी लिहून ठेवा.

गाडी नसेल तर जाता येतं का?

गावापर्यंत येतं. बॅलिना विमानतळ अर्ध्या तासावर आहे, गोल्ड कोस्टचा साधारण पाऊण तासावर, आणि दोन्हीकडून बस मिळते. रेल्वेचा मार्ग मात्र २००४ मध्ये बंद झाला. सिडनीहून रेल्वेने आलात तर कॅसिनो नावाच्या गावाला उतरून पुढे बस घ्यावी लागते.

रानात जायला गाडीच हवी. भारताचा इंग्रजीतला परवाना पर्यटकांना चालतो, आणि गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची असते. पण डोंगरातले रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे आहेत, कुठे एकाच गाडीपुरता पूल, कुठे ओढ्यावरचा फरशीपूल. संध्याकाळनंतर वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, अचानक आडवे येतात. मोबाईलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि अंधार पडायच्या आत खाली या.

आई-बाबांना दीपस्तंभापर्यंत चालवेल का?

पूर्ण फेरी ३.७ किलोमीटरची आहे, त्यात पायऱ्या आणि चढण बरीच. गुडघे दुखत असतील तर सगळं चालायचा आग्रह धरू नका. वरपर्यंत गाडी जाते. तिथे पार्किंगला पैसे पडतात आणि जागा पटकन भरते, म्हणून आठच्या आत पोहोचा. १९०१ साली बांधलेला हा पांढरा दीपस्तंभ जवळून पाहिला की तिथल्याच एखाद्या बाकावर थर्मास उघडून बसायचं. माझ्या सासूबाई तिथे दोन तास शाल गुंडाळून बसल्या होत्या. खाली कड्यापाशी पाच-सहा डॉल्फिन लाटेच्या पोटातून सरळ रेषेत जाताना त्यांनीच आधी पाहिले, आम्ही सगळे फोनमध्ये होतो.

देवमासे खरंच किनाऱ्यावरून दिसतात?

दिसतात, दुर्बीण असेल तर फारच छान. हंपबॅक जातीचे हे देवमासे अंटार्क्टिकाकडून क्वीन्सलंडच्या उबदार पाण्यात विणीसाठी जातात आणि सप्टेंबरपासून पिल्लं घेऊन परततात. भूशीर समुद्रात पुढे घुसलेलं असल्यामुळे त्यांची वाट इथे किनाऱ्याला अगदी लागून जाते. आधी फवारा शोधा. पाण्यावर पांढरी वाफ उडालेली दिसली की नजर तिथेच ठेवा. पुढच्या काही मिनिटांत पाठ किंवा शेपटी वर येते.

याच बायरनमध्ये १९५४ ते १९६२ पर्यंत देवमाशांची कत्तल करणारं केंद्र चालत होतं. संख्या इतकी घटली की धंदा बंद पडला. आता हजारोंच्या संख्येने ते परत आले आहेत आणि त्याच किनाऱ्यावर लोक त्यांना पाहायला पहाटे उठून येतात. पाहुण्यांना मी हे आवर्जून सांगते.

समुद्रात उतरणं सुरक्षित आहे का?

पाहुण्यांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते. शार्कची नाही, पाण्याच्या ओढीची. इथे 'रिप' म्हणतात तो प्रवाह पोहणाऱ्याला सरळ आत खेचतो. फसवणारी गोष्ट अशी की तो दिसतो शांत. दोन्हीकडे लाटा फुटत असतात आणि मधला गडद पट्टा सपाट असतो, म्हणून माणूस नेमका तिथेच उतरतो. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे, जीवरक्षक असताना, तिथेच उतरा. गुडघाभर पाण्यात फोटो काढायचा असला तरीही. सापडलातच तर किनाऱ्याकडे पोहण्याची झटापट करू नका. पाठीवर तरंगा, हात वर करा, मदत येईपर्यंत दम टिकवा. आपत्कालीन क्रमांक ०००.

लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील तर वीस मिनिटांवरच्या ब्रन्सविक हेड्सला जा. तिथे नदीचं पाणी शांत आणि उथळ असतं. वारा ईशान्येचा असला की वाळूत निळे फुगे आलेले दिसतात, ते ब्लूबॉटल नावाचे डंख मारणारे समुद्री जीव. पाय देऊ नका. डंख झालाच तर तंतू काढून टाका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं तो भाग बुडवून ठेवा. लिंबू आणि व्हिनेगर यावर चालत नाही.

वर्षावन म्हणता ते कुठे, आणि आपण आंबोली-कोयना पाहिलेल्यांनी ते का पाहावं?

मला हा प्रश्न फार आवडतो. किनाऱ्यामागे उत्तर-पश्चिमेला एका महाकाय जुन्या ज्वालामुखीचे अवशेष आहेत. साधारण दोन कोटी तीस लाख वर्षांपूर्वी तो उसळत होता. त्याच्या बसॉल्टची झीज होऊन झालेली लाल माती पाहिली की महाबळेश्वरच्या घाटाची आठवण येते, आणि ते उगीच नाही, कारण आपल्या सह्याद्रीचा कातळही बसॉल्टचाच, फक्त त्याहून बराच जुना. या सुपीक मातीवर आणि भरपूर पावसावर पंचाहत्तर हजार हेक्टरांचं सखल वर्षावन उभं होतं. गोरे वसाहतवाले त्याला बिग स्क्रब म्हणत. आधी 'रेड सीडर' या झाडाच्या लाकडासाठी आणि मग दुधाच्या गाईंसाठी ते तोडलं गेलं. आज त्याचा एक टक्काही उरलेला नाही. अल्स्टनविलजवळच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये त्याचा एक छोटा तुकडा लाकडी पायवाटेवरून पाहता येतो. मी तिथे मुलांना नेते, म्हणजे आजूबाजूची कुरणं कशाच्या जागी आली ते त्यांना कळतं.

डोंगरावर मात्र रान टिकलं. ते आता 'गोंडवाना वर्षावनं' या नावाने जागतिक वारशात आहे. १९८६ साली यादीत आलं, १९९४ मध्ये त्यात भर पडली. आता हे नाव पुन्हा वाचा. गोंडवाना म्हणजे आपलं गोंडवन, चंद्रपूर-नागपूरच्या गोंड राजांचा मुलूख. एकोणिसाव्या शतकात मध्य भारतातल्या खडकांच्या थरांना भूशास्त्रज्ञांनी हे नाव दिलं, पुढे ते भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका जोडलेल्या प्राचीन महाखंडाला मिळालं, आणि तिथून या रानाला. विदर्भातल्या एका काकांना मी पाटीवर ते नाव दाखवलं तेव्हा ते तिथेच थांबले आणि पाटीवरून हात फिरवत राहिले.

झाडंही काही ओळखीची वाटतील. दुसऱ्या झाडावर बी पडून वाढणारा, वरून मुळं सोडत यजमानाला वेढून टाकणारा अंजीरवर्गीय वृक्ष आपल्या वड-पिंपळाचा भाऊबंद आहे. बाकी बरंच अगदी अनोखं. नाइटकॅप ओक हे झाड तर २००० सालापर्यंत शास्त्रज्ञांना ठाऊकच नव्हतं. इथल्या नाइटकॅप राष्ट्रीय उद्यानातच ते सापडलं. मॅकाडेमियाही इथलाच, बाजारात मिळणारा तो महागडा दाणा मूळचा याच किनारपट्टीच्या रानातला.

हे रान वाचलं कसं?

माणसं आडवी आली म्हणून. १९७९ च्या ऑगस्टमध्ये तेरानिया क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यात लाकूडतोड सुरू होणार होती. आसपासच्या गावांतली माणसं बुलडोझरपुढे बसली, झाडांवर चढली, रस्त्यात आडवी झाली. त्यांतली बरीच जण १९७३ मध्ये जवळच्या निंबिन गावात झालेल्या अक्वेरियस या हिप्पी तरुणांच्या महोत्सवानंतर इथेच राहिलेली होती, बाकीचे शेतकरी आणि शेजारी. पुढे चौकशी झाली, वाद झाले. १९८२ साली मुख्यमंत्री नेव्हिल रॅन यांच्या सरकारने इथली वर्षावनं राखायचं ठरवलं आणि १९८३ मध्ये नाइटकॅप राष्ट्रीय उद्यान झालं. तेरानियाच्या खोऱ्यातल्या धबधब्याचं नावच प्रोटेस्टर्स फॉल्स आहे. त्याच्या डोहात पोहायला मनाई आहे, कारण तिथे धोक्यात आलेली एक बेडकाची जात राहते. कितीही उकडत असलं तरी पाण्यात उतरू नका.

आणि २०१९ च्या वणव्यांत याच उद्यानाचा काही भाग जळला. वर्षावन सहसा जळत नाही, ते ओलंच असतं. त्या वर्षी ते ओलं राहिलं नव्हतं.

मिनयन धबधब्याला वयस्कर माणसं जाऊ शकतात?

नक्की. बायरनहून पाऊण ते एक तास. पार्किंगपासून कड्यावरचा सज्जा काही पावलांवर आहे, आणि तिथून शंभर मीटरवरून खाली पडणारं पाणी दिसतं. खाली उतरून वर येणारी वाट साडेसात किलोमीटरची आहे. तिला चार तास धरा, शेवटचा भाग खडकांवरून जातो. पाऊस झालेला असेल तर ती करू नका.

सज्जावर गप्प उभे राहा. आधी एक लांब, ताणलेली शीळ आणि तिच्या शेवटी चाबूक ओढल्यासारखा फटकारा ऐकू येतो. तो व्हिपबर्ड नर. लगेच दोन छोटे चिवचिवाट येतात, ती मादी. ते उत्तर इतक्या अचूक वेळी येतं की एकच पक्षी वाटतो. पक्षी दिसणं कठीण, पण जोडी ओळखता आली की मुलं दिवसभर तेवढंच ऐकत राहतात.

जळवा, साप, विषारी झाडं... घाबरायचं कारण आहे का?

जळवा पावसात असतात, आंबोलीला गेलेल्यांना नवीन नाहीत. पॅन्ट मोज्यात खोचा, खिशात मिठाची पुडी ठेवा. गोचीड जास्त त्रासदायक. इथल्या एका जातीच्या चाव्याने काहींना गंभीर ॲलर्जी होते. चिकटलेली दिसली तर चिमटीत दाबू नका. औषधाच्या दुकानात तिला गोठवणारा फवारा मिळतो, तो वापरा. श्वासाला त्रास झाला तर थेट ०००. साप बहुतेक वेळा तुमच्या आधीच निघून जातो. वाटेवर पडलेल्या काठीसारख्या गोष्टीवर पाय ठेवू नका, एवढं पुरे.

मला सगळ्यात सांभाळायचं वाटतं ते झाड. स्टिंगिंग ट्री. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं मोठं पान, मखमलीसारखं मऊ दिसणारं, किडींनी भोकं पाडलेलं. ऊन येतं तिथे, म्हणजे नेमकं वाटेच्या कडेला ते उगवतं. ती मखमल म्हणजे बारीक काचेसारख्या सुया. आपली खाजकुइली याच्यापुढे काहीच नाही, वेदना दिवसच्या दिवस टिकते. लागलं तर चोळू नका, केस काढायच्या मेणपट्टीने सुया उपटून काढा. लहान मुलांना निघतानाच ते पान पाटीवर दाखवा आणि "हात खिशात" असा नियम करा.

वाटेत पानांचा दीड-दोन हात उंच ढीग दिसला तर तो ब्रश टर्कीच्या नराने रचलेला असतो. कुजणाऱ्या पानांच्या उबेवर अंडी उबतात, आणि तो चोच खुपसून ऊब तपासत राहतो. लांबूनच बघा.

वोलुंबिन डोंगर चढता येतो का?

नाही. त्या ज्वालामुखीचा मधला सुळका म्हणजे वोलुंबिन, ११५० मीटरहून थोडा उंच. शिखराची वाट २०२० पासून बंद आहे. बुंदजलुंग लोकांसाठी तो पवित्र आहे. आपण आपल्या देवराईत कुऱ्हाड नेत नाही, तसंच समजा. केप बायरनवरून संध्याकाळी त्याची आकृती सुंदर दिसते.

निंबिनला घरच्यांना घेऊन जावं का?

दुपारपुरतं हरकत नाही. भिंतींवरची चित्रं, छोटी दुकानं. रस्त्यात कोणी गांजा विचारेल, नाही म्हणून पुढे चला. न्यू साउथ वेल्समध्ये तो बेकायदेशीर आहे.

शाकाहारी जेवणाचं काय? घरून काय आणावं?

शाकाहारी खाणं इथल्याइतकं सहज मिळताना ऑस्ट्रेलियात मी दुसरीकडे क्वचितच पाहिलं. मुरविलुंबाजवळ हरे कृष्ण मंडळींचं गोशाळेसह शेत आहे. बॅन्गलो गावाच्या बाजारात महिन्याच्या चौथ्या रविवारी फळं, चीज आणि मॅकाडेमिया मिळतात.

भारतातून येताना चकल्या, चिवडा, गोडा मसाला, लोणचं, जे काही आणाल ते विमानात मिळणाऱ्या कार्डावर "हो" अशी खूण करून दाखवा. दाखवलेलं काढून घेतलं तरी दंड होत नाही, लपवलेल्याला होतो. ताजी फळं, बिया आणि रोपं आणूच नका. या रानाला बाहेरून आलेली एक बुरशीही पुरते. त्याच कारणाने रानात शिरण्याआधी बुटांचे तळवे घासून घ्या.

राहायचं कुठे?

बायरनमध्ये महाग पडतं. सुट्टीसाठी भाड्याने दिलेल्या घरांमुळे स्थानिकांना राहायला घर मिळेनासं झालं, म्हणून २०२४ च्या सप्टेंबरपासून तिथल्या बऱ्याच भागांत मालक न राहणारी घरं वर्षात ६० दिवसच अशी भाड्याने देता येतात. मलंबिंबी, बॅन्गलो किंवा ब्रन्सविक हेड्सला राहा. रान जवळ पडतं आणि पैसा छोट्या गावांत जातो.

पावसात अडकलो तर?

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, ते घोटाभर दिसलं तरी. २८ फेब्रुवारी २०२२ ला पाऊण तासावरच्या लिस्मोरमध्ये नदी १४.४ मीटरपर्यंत चढली, माणसं छपरांवर बसली होती आणि शेजाऱ्यांनी आपल्या छोट्या होड्यांनी त्यांना काढलं. त्या पावसात डोंगरात दरडीही कोसळल्या, काही वाटा पुढे कितीतरी काळ बंद राहिल्या. निघायच्या सकाळी राष्ट्रीय उद्यानांच्या संकेतस्थळावर वाट उघडी आहे का ते पाहा. बंद लिहिलं असेल तर अडथळा ओलांडून जाऊ नका.

आणि हातात एकच दिवस असेल तर?

ब्रिस्बेनहून पहाटे पाचला निघा. सातपर्यंत दीपस्तंभ, तासभर समुद्र बघा. गावात फिरू नका, दुकानं सगळीकडे सारखीच असतात. साडेनऊला बॅन्गलोला नाश्ता, साडेअकराच्या आत मिनयन. डबा तिथेच उघडा, मग सज्जावर थांबा. ऊन कड्याच्या पलीकडे सरकलं की खालच्या ताडांवर सावली येते आणि पक्षी पुन्हा बोलू लागतात. तीनला निघालात तर उजेडातच हमरस्त्याला लागाल. उन्हाळा असेल तर ही सगळी घड्याळं बायरनची धरा, आणि ब्रिस्बेनहून चारलाच निघा.